रुमालाखालचा भाव

आम्ही माळी. आमच्या भाजीचा भाव भर बाजारात ओरडून सांगायचा, सगळ्या कारंजा गावाला ऐकू जाईल असा. कापसाचं सोवळं निराळं. दलाल हातावर रुमाल टाकायचा, त्याखाली विकणाऱ्याची बोटं दाबायचा आणि सौदा ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागायचा नाही. मग घरी येऊन जो तो सांगेल तोच खरा भाव. आणि पुरुषाची जात, कमी कोण सांगणार?

जर्मनची पहिली मोठी लढाई संपली त्या सुमारास कापूस चढत होता. माझे मोठे दीर आपला कापूस विकून आले आणि ओसरीवर त्यांनी भाव सांगितला, तेव्हा ह्यांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने त्याहून वरचा सांगितला. सगळं गाव एकमेकांच्या फुशारकीवर चढत गेलं.

ह्यांनी मळा विकायला काढला. त्या पैशाचा कापूस घ्यायचा, भाव आणखी चढला की विकायचा.

मी म्हटलं, "कापूस का शिजवून खाता येते?"

"तुले काय समजते? भाव चढून राह्यला. दुप्पट मळा घेऊन देतो तुले."

कापूस घरात आढ्यापर्यंत भरला. ठिणगीच्या भीतीने मी चूल अंगणात मांडली. थंडीभर तिथेच भाकरी थापल्या, आणि हे कापसाकडे पाहत जेवले.

मग भाव कोसळला. इतका, की दलालाने रुमाल काढायचे कष्टही घेतले नाहीत. तोंडानेच सांगितला, चारचौघांत. आमचा कापूस मातीमोल गेला.

हे थोरल्या भावाकडे गेले, मागून मी. "दादा, तुमी तर एवढा भाव सांगतला होता."

दीर हसले. "अबे, चार लोकात खरा भाव कोनी सांगते काय? तू माया भाऊ. तुले समजाले नको?"

त्यांच्यापुढे मी तोवर मान वर केली नव्हती. त्या दिवशी पदर घट्ट धरून बोलले, "भावाले तरी खरं सांगा लागत होतं."

दिरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ह्यांना म्हणाले, "बायकोले आवर."

आणि ह्यांनी मलाच दटावलं. "तू घरी जाय." ज्याने बुडवलं तो दादाच राहिला, तोंडाळ मी ठरले. तो राग अजून माझ्या पोटात आहे, आणि तो मला जायला नकोच आहे.

पोटाला हवं म्हणून त्याच मळ्यात मी रोजाने निंदायला गेले. दुपारी विहिरीकडे वळले. मळा आमचा होता तेव्हा उन्हाळ्यात तिच्यातला गाळ मी टोपल्यांनी उपसला होता. नव्या मालकाचा गडी बांधावरून ओरडला, "ओ बाई, मजुरायनं पोहरा टाकाचा नाही. थांब, मी पाणी वाढतो."

तहान लागली होती. मी खाली बसले आणि ओंजळ पुढे केली.