ऑटोमॅटिकचा हिरवा बाण

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या कारखान्यात सगळे ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण त्याला ते कौतुकच वाटतं. गेंड्याच्या कातडीला टोमणा टोचतो कुठे?

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. बहीण खाली कटिंगच्या मशीनवर, मी वर मोठ्या साहेबांची टायपिस्ट आणि हा रिपोर्टिंगला. रिपोर्टिंग म्हणजे महिन्याच्या मीटिंगसाठी स्लाइड्स करायच्या. एक्सेलमधले आकडे उचलायचे, आलेख काढायचा, खाली एक गोड वाक्य चिकटवायचं. एवढ्याशा कामाला पूर्वी त्याला अख्खा आठवडा लागायचा आणि तेवढे दिवस घरात कोणी मोठ्याने शिंकायचं नाही.

काम टाळण्यासाठी मात्र हा माणूस वाटेल तेवढी मेहनत करील. शाळेत शिक्षा म्हणून एकच वाक्य पानभर लिहायला सांगितलं, तर याने दोन पेनं रबराने बांधून एका वेळी दोन ओळी काढल्या. हे तो स्वतः छाती फुगवून सांगतो. मास्तरांनी त्याबद्दल दोन कानाखाली दिल्या, हे त्याच्या आईने सांगितलं.

अशा माणसाच्या हाती पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा लागली. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याने एक स्क्रिप्ट लिहिली. बटण दाबलं की ती एक्सेल उघडते आणि प्रत्येक रकान्याची एक स्लाइड करते. आकडा वाढला की हिरवा बाण आणि ‘उत्साहवर्धक वाढ! टीमचे अभिनंदन!’ आकडा घटला की लाल बाण आणि ‘अधिक प्रयत्नांची गरज’. झालं! त्या दिवसापासून त्याने स्वतःच्या स्लाइड्स उघडून बघणंही सोडलं. उरलेल्या वेळात तो पायथॉनबद्दल बोलतो. जिन्यात बोलतो, कॅन्टीनमध्ये बोलतो, तोंडात घास असताना बोलतो. उथळ पाण्याला खळखळाट फार.

कटिंगच्या मशीनला पात्याच्या पुढे एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. बहिणीच्या मशीनची जाळी निखळली. सुपरवायझर म्हणाला, नवी बसवायला वरून मंजुरी पाहिजे. वर म्हणजे हीच मीटिंग. मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते तेव्हा बहिणीने विषय काढला.

“अहो, जाळीचं तेवढं तुमच्या स्लाइडवर टाका ना. साहेबांच्या नजरेला पडलं तर बसवतील.”

“अगं, सगळं ऑटोमॅटिक आहे,” तो म्हणाला. “चालू सिस्टिममध्ये असा हात घालायचा नसतो.”

“एक ओळ लिहायला काय हात झिजतात का जावईबापू?” मी विचारलं.

“ताई, तुम्हाला त्यातलं टेक्निकल कळायचं नाही.”

मशीन मात्र थांबत नव्हतं. बहिणीच्या मधल्या बोटाचं टोक त्या पात्याखाली गेलं. हा दवाखान्यात धावत आला, रडला, नाही म्हणत नाही. मला वाटलं, आता तरी याचे डोळे उघडतील. पण मीटिंगच्या सकाळी त्याने नेहमीसारखं बटण दाबलं आणि लॅपटॉप काखेत मारून आला.

मीटिंगमध्ये मी टिपण घेते. माझी खुर्ची पडद्याकडे पाठ करून असते, त्यामुळे मला दिसतात त्या फक्त साहेबलोकांच्या माना. त्या न चुकता वरखाली होतात. या महिन्यापासून सेफ्टीवाल्यांनी एक्सेलमध्ये एक नवा रकाना घातला होता, मागच्या महिन्याच्या आकड्यासकट. याला त्याचा पत्ता नव्हता, स्क्रिप्टला होता.

“अपघात,” मोठ्या साहेबांनी पडद्यावरचं वाचलं. “उत्साहवर्धक वाढ. टीमचे अभिनंदन. गुड! पुढची.”

मी गर्रकन वळले. पडदाभर हिरवागार बाण. ऑटोमॅटिकनेही तो तेव्हाच पहिल्यांदा बघितला असणार, कारण त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी वाट बघितली, हा आता बोलेल, आपल्या बायकोसाठी तरी बोलेल. त्याने पुढची स्लाइड लावली.

माझं डोकंच फिरलं. “थांबा साहेब! मागे घ्या. तो बाण माझ्या बहिणीच्या बोटाचा आहे. मशीनची जाळी निखळलीय, म्हणून बोट गेलं तिचं.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “फार गंभीर चूक आहे,” ते म्हणाले. “टिपणात घ्या. अपघात वाढल्यास बाण लाल दाखवावा. ताबडतोब. जबाबदारी रिपोर्टिंग.”

“आणि जाळी?”

“तो मेंटेनन्सचा विषय. आज अजेंड्यावर नाही.”

माना हलल्या. ही एवढी शिकलीसवरलेली डोकी, आणि त्यांना लाज वाटली ती फक्त रंगाची!

संध्याकाळी मी बहिणीकडे गेले. पट्टी सुटली की तिला परत त्याच मशीनवर जायचं होतं. ती हात उशीवर ठेवून बसली होती. तेवढ्यात हा आला, दारातूनच ओरडत.

“अगं, झालं बघ काम! दुरुस्त केलं!”

तिचा चेहरा उजळला. “बसवली जाळी?”

“जाळी?” तो गोंधळला. “नाही गं, बाण. एकच ओळ बदलावी लागली.”

बहिणीने उशीवरच्या पट्टीकडे बघितलं.

“म्हणजे पुढच्या वेळी लाल येईल,” ती म्हणाली.

“शंभर टक्के!” तो म्हणाला. “आपोआप.”