खड्ड्यात वाढलेलं वजन

चौदा वर्षं आमच्या घराचा पत्ता एका कचराकुंडीने सांगितला.

घर नाशकात, इंदिरानगरच्या पुढे, कॉलनीच्या कोपऱ्यावर. फाटकासमोर सिमेंटची गोल कुंडी. रिक्षावाल्याला कॉलनीचं नाव सांगितलं तर तो डोकं खाजवायचा. "कुंडीसमोर" म्हटलं की थेट दारात आणून सोडायचा. माझ्या बायकोला, सुधाला, याचं फार दुःख होतं. तिच्या भावाने तर एकदा पत्रावर पत्ताच तसा लिहिला. आणि ते पत्र पोहोचलं!

सन दोन हजार नुकतंच उलटलं होतं. शहर हिरवं करायचं वारं सुटलं होतं. घरोघरी घंटागाडी फिरू लागली होती, ओला कचरा वेगळा ठेवा अशी पत्रकं वाटली जात होती, आणि एका सेवाभावी मंडळाने कॉलन्यांची स्पर्धा लावली होती. जी कॉलनी आपला ओला कचरा आपल्या आवारात जिरवायला तयार होईल तिची कुंडी तीन महिने उचलून नेणार. तीन महिन्यांनी समिती येऊन तपासणार. पास झालो तर कुंडी कायमची गेली. नापास झालो तर परत येणार. पहिल्या कॉलनीला ढालही होती, पण ढालीशी मला कर्तव्य नव्हतं. मला फाटक उघडल्यावर समोर रस्ता दिसायला हवा होता.

मी सिन्नरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. नट-बोल्ट मोजणं, तोलणं, नोंदणं यात माझी तेवीस वर्षं गेली होती. (सुधा म्हणते, चोवीस. पण त्यातले सात महिने मी स्टोअरमध्ये होतो.) अशा माणसाच्या हाती कॉलनीचा कचरा आला, हे कॉलनीचं भाग्यच! निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या मागच्या अंगणात, पलीकडच्या कॉलनीच्या भिंतीला लागून, दोन मीटर बाय एक मीटरचा खड्डा खणला. गांडुळं आणून सोडली. शेजारी पत्रा अंथरला. अकरा घरांनी सकाळी सातच्या आत मागच्या फाटकाने येऊन आपला कचरा पत्र्यावर टाकायचा, सातला मी सहा ते पावणेसातचं फिरणं उरकून, चहा घेऊन, ताणकाट्यावर वजन करायचं, वहीत लिहायचं आणि खड्ड्यात सारायचं, अशी पद्धत ठरली.

पहिल्या दिवशी वजन भरलं नऊ किलो दोनशे ग्रॅम.

"एवढंच?" मी जरा खट्टू झालो.

"कचरा कमी झाला तर चांगलंच ना?" सुधा म्हणाली.

"अगं, म्हणजे लोक अजून पूर्ण सहकार्य करत नाहीयेत!"

मी घरोघर फिरून भाषणं दिली. देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले सुभेदार मोरे आमच्या शेजारीच राहायचे. त्यांनी तर सालपटं मोजून देण्याची तयारी दाखवली. आणि बघता बघता वजन वाढू लागलं! पंधरा किलो. बावीस किलो. महिना संपता संपता तीस! मी वहीत लाल शाईने आलेख काढला. रेषा अशी चढत होती की कारखान्यात तशी रेषा दिसली असती तर साहेबांनी मला बढती दिली असती.

"दादा, आज किती भरलं?" हिराबाई रोज विचारायची. हिराबाई हरसूलकडची, आमच्याकडे आणि पलीकडच्या कॉलनीत धुणीभांडी करायची. या कामात आस्था दाखवणारी ती एकटीच.

"चौतीस किलो, हिराबाई!"

"बाई गं! लय झालं की!" तिला इतका आनंद व्हायचा की मीही जरा जास्तच छाती फुगवायचो.

सुधाला मात्र शंका येऊ लागली. "अहो, यात कलिंगडाची सालं केवढी! आपल्या कॉलनीत कलिंगड कुणी आणलेलं मला दिसलं नाही."

"तू काय सगळ्यांच्या पिशव्या बघत बसतेस?"

"पानसऱ्यांकडे दोनच माणसं, दोघांनाही मधुमेह. मग ही एवढी द्राक्षं कोण खातंय?"

द्राक्षं होती खरी. मार्च सुरू झाला होता, अवकाळी पावसाने तडकलेली, परदेशी जायला नालायक ठरलेली द्राक्षं नाशकात कुठेही दिसायची. पत्र्यावर ती पिशवीच्या पिशवी पडू लागली. मी वहीत शेरा मारला : 'फलाहार वाढला आहे. आरोग्यजागृतीचा परिणाम?'

"एकेक घर काय बघतेस?" मी सुधाला समजावलं. "एकूण बघ, एकूण!"

तपासणीच्या चार दिवस आधी एकवीस किलो द्राक्षं आली. मी ती सगळी खड्ड्यात घातली, वर माती ओढली, आणि गांडुळांना मेजवानी मिळाली म्हणून खूश झालो.

मेजवानी मिळालीच. तिसऱ्या दिवशी खड्ड्यातून बुडबुडे येऊ लागले. चौथ्या दिवशी, म्हणजे ऐन तपासणीच्या सकाळी, वास सुटला. सुभेदार मोरे आपल्या व्हरांड्यातून नाक वर करून थेट आमच्या मागच्या अंगणात आले.

"रम नाही," ते डोळे मिटून म्हणाले. "कॅम्पात असली चीज मिळत नव्हती. पण साहेब, माल उतरलाय चांगला!"

"सुभेदार, ही गांडुळं आहेत!"

"ती बघा, काठावर पडलीत. एकाला तरी सरळ चालता येतंय का?"

(वर्षभरापूर्वी कॉलनीच्या तोंडाशी दारूचं दुकान येणार होतं, ते मी आसपासच्या कॉलन्यांतून एकशे चार सह्या गोळा करून थांबवलं होतं. त्यातली पहिली सही सुभेदारांच्या पत्नीची. त्या आता खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या.)

सुधाने उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला. वास कमी झाला नाही. फक्त देवळात कुणी पिऊन आल्यासारखं वाटू लागलं!

बरोबर दहाला समिती आली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राध्यापक, सोबत दोन बायका आणि एक छापील तक्ता. आधी त्यांनी पलीकडची कॉलनी बघितली होती. तिचे अध्यक्ष वाघचौरे त्यांना आमच्या फाटकापर्यंत सोडायला आले होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

प्राध्यापकांनी रुमाल नाकाला लावला. "इथे काही... गाळतात का?"

"छे छे! खत आहे सर. माझ्याकडे सगळ्या नोंदी आहेत!" मी वही पुढे केली. मला खात्री होती, माणूस वासाला फसेल, आकड्यांना फसणार नाही.

प्राध्यापकांनी पानं उलटली. लाल रेषेवरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे मोठे होऊ लागले. मी नम्रपणे खाली बघितलं.

"कॉलनीत माणसं किती?"

"शेहेचाळीस, सर. लहान मुलं धरून."

"आणि आजचं वजन साठ किलो तीनशे ग्रॅम?"

"आजवरचा उच्चांक!" मी म्हणालो.

एवढ्यात भिंतीवरून एक पिशवी उडत आली आणि बरोबर पत्र्यावर पडली. सगळे पिशवीकडे बघत राहिले. मग भिंतीवर हिराबाईचं डोकं दिसलं.

"दादा, आज उशीर झाला, रागावू नका! पन वजनात धरा हां!"

"हिराबाई, हे काय?"

"तिकडचं हाय ना. वाघचौरे ताई म्हनल्या, आपल्याकडं साठवू नको, पलीकडं खड्ड्यासाठी पायजे. मग मी अठरा घरांचं टाकते रोज. तुमी फिराया जाता तवा." ती लाजली. "वजन वाढलं की तुमी लय खूश होता, दादा. म्हनून मी समद्यांना सांगितलं, अजून द्या."

वाघचौऱ्यांना अचानक घरचं एक काम आठवलं. ते गेले.

"बघितलंत ना सर?" मी म्हणालो. "हा आमचा कचराच नाही!"

प्राध्यापकांनी तक्ता वरून खाली वाचला, मग पाठपोट बघितला. "कचरा कुणाचा, असा रकाना यात नाही. 'आवारात आढळलेला ओला कचरा' एवढाच आहे. ती पिशवी जरा तोलता का?"

आणि मी तोलली! माझ्या हातांनी, माझ्या ताणकाट्यावर! एक किलो आठशे ग्रॅम.

"म्हणजे बासष्ट किलो शंभर," प्राध्यापक म्हणाले. "माणशी एक किलो तीनशे पन्नास ग्रॅम. अहो, एवढं माणूस जेवत नाही!" त्यांनी रकाना भरला. "आणि शेजारच्या कॉलनीत अठरा घरांत मिळून शून्य. काय शिस्त आहे लोकांना!"

ढाल वाघचौऱ्यांना मिळाली. आठव्या दिवशी आमच्या फाटकासमोर चार माणसांनी कुंडी उतरवली. जरा डावीकडे ठेवता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, जुना गोल डाग आहे तिथेच बरोबर बसते.

मी पायरीवर वही घेऊन बसलो होतो. सुधा बाहेर आली, कुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"नव्वद दिवस रोज वजन केलंत," ती म्हणाली. "एकदा, एकदाच, शेहेचाळीसने भागलं असतं तर?"

ती आत गेल्यावर मी पेन काढलं आणि भागून बघितलं. प्राध्यापकांचं उत्तर अगदी बरोबर होतं. मी तीनदा तपासलं.