धाकट्याचे भिंग

चाळीस वर्षे श्रावणात आमच्या ओसरीवर पोथी मीच वाचत आलो. गेल्या श्रावणात दोनदा ओळ सुटली. धाकट्या भावाने पोथी हलकेच आपल्याकडे ओढली आणि अडखळत अध्याय पुरा केला. लोक त्याच्या पाया पडले. मला ते सहन झाले नाही.

दोघांच्याही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला आहे. चष्म्याचा उपयोग नाही. यंदा आषाढात कासा गावाहून जीप धरून आम्ही डहाणूला अल्पदृष्टीच्या तपासणीस गेलो. जे वाचायचे असेल ते सोबत आणा, असे कळवले होते. मी पोथी घेतली.

इथे आजार बरा होत नाही, उरलेल्या नजरेत काय जमेल ते पाहतात, हे तपासणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितले. मग विचारले, "आजोबा, कशाला अडतंय?"

"पोथी वाचायला."

भाऊ मात्र थांबेना. पायाची नखे, तांदळातले खडे, मोबाइलवरचा नातीचा चेहरा, आणि शेवटी पोथीही. बाई लिहून घेत होत्या; त्याच्या कागदाची पाठसुद्धा भरली. माझ्या कागदावर एक ओळ होती.

जवळून तक्ता वाचून घेतला, फिकट होत जाणारी अक्षरे दाखवली. मग भिंग. थोरला म्हणून माझी पाळी आधी. साध्या भिंगाखाली मी पोथीतल्या दहा ओव्या खणखणीत म्हटल्या. पानावर मला डाग दिसत होते. ओव्या पाठ होत्या.

"छान! तुम्हाला एवढं भिंग पुरे," बाई म्हणाल्या.

भाऊ दुसऱ्याच शब्दाला थांबला. "नाही दिसत हो."

बाईंनी एकामागून एक भिंगे बदलली. चौथ्याला दिवा होता, ते पानावर टेकवायचे. मान किंचित तिरकी ठेवायलाही शिकवले. तो एकेक अक्षर वाचू लागला. मला दहा मिनिटे मिळाली होती, त्याला तास.

परतीच्या जीपमध्ये तो म्हणाला, "दादा, नजर तर तुझीच चांगली निघाली. वाच तूच पोथी."

"बघू."

"बघू कसलं? पाठ म्हटलंस ना सगळं?"

समोरच्या बायका हसल्या.

"कळलं होतं, तर बाईंना का नाही सांगितलंस?"

"थोरल्याला परक्यांसमोर खोटं पाडू?"

नजर त्याला मिळाली, वर शहाणपणही. त्याने आपले भिंग माझ्यापुढे धरले. मी हात पुढे केला नाही.

सोमवारी एकटाच पुन्हा गेलो. पोथी घरी ठेवली. खताच्या गोणीतला सूचनांचा कागद नेला. तो मला पाठ नव्हता.

बाईंनी पहिले भिंग हाती दिले.

"त्या दिवशी मी वाचलं नव्हतं," मी म्हणालो. "नाही दिसत. चौथं द्या."