तिच्या स्क्रिप्टांचा हेवा

परवा अहमदपूरच्या बसस्टँडवर एका अंध प्रवाशाच्या मोबाइलमधून यंत्राचा भरभर बोलणारा आवाज ऐकू आला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा. लातूरची गाडी लागली होती, तरी मी उभाच राहिलो. मुदखेडची एक मैत्रीण आठवली आणि जुना हेवाही.

नांदेडला आम्ही एका वर्गात होतो. ती जन्मांध; तिचा संगणकही पडद्यावरचं असंच वाचून दाखवी. दोघांनाही वेड एका ऑनलाइन खेळाचं, ज्यात चित्रं नव्हती, सगळं शब्दांतच. 'तू जंगलात आहेस, उत्तरेला पूल आहे,' असं उमटायचं आणि आपण कुठे जायचं ते टाइप करायचं. मी एकेक शब्द हाताने लिहायचो. ती मात्र खेळाला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे क्लायंटमध्ये, स्वतःच्या स्क्रिप्टा, आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञा, लिहायची. शत्रू जवळ आला की घंटी वाजे, जखम झाली की औषध आपोआप घेतलं जाई, चुकलेली वाट क्लायंटच शोधून काढी. खेळात तिचा केवढा दबदबा! जिला मी हात धरून रस्ता ओलांडून देई, तिच्याच मागे त्या शब्दांच्या जंगलात मी ठेचकाळत चालायचो. दया करायची सवय लागलेल्या मनाला हा हेवा लाजिरवाणा वाटे; म्हणूनच तो खोल मुरत गेला.

पुढे एक नवा क्लायंट आला.

"ते लावताना बटणं वाचून दाखवत न्हाई," ती म्हणाली. "तूच लावून बघ. स्क्रिप्टा कशा चालतात, अन् माझा वाचणारा आवाज त्याच्यात जमतो का, तेवढं सांग."

मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. नव्यात स्क्रिप्ट लिहिणं कितीतरी सोपं होतं, नकाशा आपोआप उमटत होता, आणि आवाज तर लख्ख चालत होता.

"आवाज जमत न्हाई," मी सांगितलं. "जुनंच बरंय तुला."

नवा मी वापरू लागलो. वर्षभर तिच्या पुढे होतो.

एके दुपारी तिचा फोन आला. "बहिणीनं नवं लावून दिलं. सगळं वाचून राहिलंय की. पहिल्यापासूनच वाचायचं म्हणे."

पुढ्यात चालू असलेला खेळ मी बंद केला.

"माझ्यापुढं जायचं होतं तर स्क्रिप्टा मागायच्यास," ती शांतपणे म्हणाली. "दिल्या असत्या."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. तो खेळ आता जवळजवळ ओस पडलाय. ती सॉफ्टवेअरच्याच कामात आहे, नाव काढलंय म्हणतात. माफी मागावी असं अनेकदा वाटलं, पण त्यासाठी आधी हेवा कबूल करावा लागला असता. अजूनही कुणी तिचं कौतुक सांगितलं की पहिल्यांदा जळतं, मग लाज वाटते. एवढ्या वर्षांत हा क्रम काही बदलला नाही.