बिनसाखरेचं थंडं आणि राईस मिलचा काटा

परवा फोनवर तू विचारलंस, डाएटचं कोल्ड्रिंक प्यायल्याने माणूस बारीक होतो का. मी विषय बदलला. बोलताना मला ते नीट क्रमाने सांगता आलं नसतं, म्हणून तुम्हा दोघांना लिहून पाठवते आहे.

तुमचे आजोबा शाळेतून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांना पोटाचा हर्निया झाला. तेव्हा आम्ही सडक अर्जुनीला राहत होतो. नागपूरच्या सर्जननी त्यांना काट्यावर उभं केलं. एक्क्याण्णव किलो. "आठ-दहा किलो उतरवा, मग ऑपरेशन करू. एवढ्या चरबीत टाके धरत नाहीत." मला बाजूला घेऊन त्यांनी हेही सांगितलं, की तोवर आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. चार महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

यांना थंडं, म्हणजे तुमचं कोल्ड्रिंक, फार प्रिय. संध्याकाळी जवळच्या कोहमारा गावातल्या धाब्यावर मित्रांसोबत बसायचे आणि दोन बाटल्या संपवून यायचे. तुमच्या बाबांनी तिकडून, परदेशातून सुचवलं, की त्याऐवजी डाएटवालं प्या. मी नागपूरहून त्या थंड्याच्या डब्यांची एक पेटी आणवली. डब्यावरचं बारीक इंग्रजी चष्मा लावून वाचलं. साखर नाही, उष्मांक शून्य. "यात काहीच नाही," मी जाहीर केलं. कागदपत्र असो की औषधाची बाटली, घरात इंग्रजी वाचून निकाल द्यायचा तो मीच.

त्या दिवसापासून ताटातला भात वाढला.

"अजून एक पळी वाढ."

"अहो, दोनदा वाढला."

"साखर सोडली ना म्या? आता भातही सोडू का? माणूस हाय का बैरागी?" मला चिडवायचं असलं की ते मुद्दाम गावची बोली बोलत.

मी वाढत गेले. थंडं बिनसाखरेचं आहे, एवढ्याने काय होतं, असं मलाही वाटायचं.

घरात वजनकाटा नव्हता. दर रविवारी ते राईस मिलमध्ये धानाच्या काट्यावर उभे राहत. तिथला हमाल त्यांचाच जुना विद्यार्थी. तो चिठ्ठीवर आकडा लिहून देई. नव्वद. साडेअठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. मी प्रत्येक चिठ्ठी तारीख घालून वहीत चिकटवली. डिसेंबरात चौऱ्याऐंशी आला, तेव्हा तुमच्या बाबांना फोन करून सांगितलं, "तुझा उपाय लागू पडला." यांच्या पँटचा पट्टा अजून त्याच भोकाला लागत होता. ते मला रोज दिसत होतं. तरी मी वहीवर विश्वास ठेवला.

नागपूरच्या काट्यावर ब्याण्णव भरले. मी वही उघडून पुढे केली. सर्जननी पानं उलटली आणि वही परत दिली. "वजन उतरवूनच या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी मिलमध्ये गेले. हमालाला म्हटलं, "खरं सांग."

"बारदान कापलं, मॅडम."

"कशाचं बारदान?"

"पोतं मोजलं का रिकाम्या बारदानाचं वजन कापतोच ना जी आमी? तसं सरायच्या चपलाचं कापलं, मंग अंगातल्या सेटरचं. मंग सर म्हणे, अबे, आत्ताच थंडं पिऊन आलो, ओलावा काप. धानाचा कापतो तसा तोबी कापला."

"आठ किलो?"

"उरलेला सरायचा मान, जी." तो हसला, मग माझ्याकडे पाहून थांबला. "सर खूश होऊन राहिले होते. कायले नाराज करू?"

घरी येऊन मी यांना विचारलं, "काऊन केलं असं?" रागाच्या भरात माझ्याही तोंडी तीच बोली आली.

ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "दर रविवारी चिठ्ठी बघून तुझा चेहरा कसा व्हायचा, ते तुला माहीत नाही."

त्या थंड्याने वजन वाढवलं असं मी म्हणणार नाही. डब्यात खरंच काही नव्हतं. जे होतं ते ताटात होतं, आणि ते मी वाढलं होतं.

त्यानंतर भात एका वाटीवर आणला. डबेही बंद केले. पण दीड महिन्यात काय उतरणार? फेब्रुवारीतल्या एका दुपारी जेवून उठताना ते पोट धरून खाली बसले. उलट्या थांबेनात. शेजाऱ्यांच्या जीपने नागपूर गाठलं. त्याच सर्जननी त्याच वजनावर पोट उघडलं, कारण आता थांबणं शक्य नव्हतं. आतड्याचा काही भाग काळा पडला होता. दुसऱ्या दिवशी टाके उसवले. चौथ्या दिवशी ते गेले.

तुमच्या बाबांना विमान मिळायला दोन दिवस लागले. निघण्याआधी त्यांचा फोन आला. नागपूरच्या काट्यावरचा आकडा मी त्यांना कळवलाच नव्हता. रडून आवाज बसला होता.

"आई, वजन तर उतरलं होतं ना बाबांचं?"

"हो," मी म्हणाले. "उतरलं होतं."