परतवाड्याला कळवायचं होतं

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला अकोल्यातली ती गच्ची आठवते. माझा मित्र वारल्याला महिना झाला होता आणि त्याची अँटेना काढायला वहिनींनी मला बोलावलं होतं. लहानशा बल्बपेक्षाही कमी विजेवर, कमी फ्रिक्वेन्सीवर रेडिओवर मोर्समध्ये दूरवर बोलायचं, हा त्याचा छंद; मलाही त्यानेच शिकवलं होतं. उन्हं कलली होती, लांबलचक तार लोंबून पाण्याच्या टाकीला टेकली होती. काढण्याआधी मी त्याने स्वतः सोल्डर करून जोडलेला रेडिओ सेट गच्चीवरच सहज लावला, तर खरखरीतून मोर्सची टकटक आली. त्याच्याशी नेहमी बोलणारे परतवाड्याचे एक म्हातारे मास्तर त्यालाच हाक मारत होते. “कोन बोलावून राहिलं भाऊ यायले?” वहिनींनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग सांगून द्या त्यायले.” तो गेल्याचं मी मोर्समध्ये कळवलं. “काय म्हनते ते?” वहिनींनी विचारलं. “आयकू नाई आलं, पुन्हा सांगा म्हनते,” मी म्हणालो. मी पुन्हा कळवलं, पुन्हा तेच उत्तर. “तार खाली टाकीले टेकली, म्हनून पोचत नाई,” मी म्हणालो. तेव्हा वहिनींनी कोपऱ्यातला बांबू घेतला, तार त्यावर अडकवली आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरली. “आता सांगा.” या वेळी पोचलं.  मग मास्तरांनी सावकाश एकदाच त्याचं नाव वाजवलं आणि ते थांबले. मी तसं सांगितल्यावर वहिनींनी बांबू खाली घेतला. “काढा आता तार,” त्या म्हणाल्या. मी संध्याकाळी घरी अजून माझा सेट लावतो, परतवाड्याहून कुणी बोलत नाही.