तळातला मासा

पेंटरने चाळीस वर्षं गावभरच्या पाट्या रंगवल्या. दवाखाने, सलून, 'येथे थुंकू नये', सगळं त्याच्याच हातचं. पण पाटी रंगवणाऱ्याचं नाव कोण विचारतो? म्हणून पाणीखात्याच्या साहेबांनी कचेरीच्या भिंतीवर 'आपली नदी, आपले मासे' काढायला सांगितलं आणि उद्घाटन झालं की कोपऱ्यात नाव टाकायचं कबूल केलं, तेव्हा गडी हरखूनच गेला.

दोन महिने तो नदीकाठच्या खडकावर पालथा पडून मासे न्याहाळत होता. बायको म्हणाली, "अहो, लग्नात माझ्याकडे तरी एवढं बघितलं होतंत का?"

"तेव्हा चार लोक बघत होते," तो म्हणाला.

त्याचा जीव जडला तो चिखल्यावर. मातकट रंग, चार मिशा, तोंड कायम उतरलेलं. पण हा मासा दुसऱ्या कुठल्याच नदीत नाही, आणि तळ सोडून तो कधी हलत नाही. पेंटरने त्याला भिंतीच्या तळाशी, गोट्यांत बसवला. नुसत्या मिशांवर एक सकाळ घालवली.

साहेब बघायला आले. भिंतीलगत त्यांची गाडी लागते, हे पेंटर विसरूनच गेला होता.

"गाडीमागे झाकला जातोय की. वर घ्या त्याला."

"साहेब, तो वर येत नसतो."

"चित्रातच आणायचाय ना?"

"गाडी जरा पुढे लावली तर..."

साहेबांनी असं पाहिलं, जणू नदीच सरकवायला सांगितली. नदी त्यांनी एक वेळ सरकवलीही असती. "वर घ्या, नाहीतर नावबिव विसरा."

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने शिडी लावली आणि हुकमाप्रमाणे चिखल्याला वर घेतला. साहेबांनी गाडीतूनच नजर टाकली. "आता कसा उठून दिसतोय. पांढराही छान दिलाय."

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. पहिल्या रांगेत जाळी विणणाऱ्या एका म्हातारीला बसवलं होतं, शोभेला. पडदा सरकला तशी ती म्हणाली, "हा तर चिखल्या. मेलाय, पोट वर आहे बघा. गेल्या उन्हाळ्यात या पाणीखात्यानं गटाराचं पाणी नदीत सोडलं, तेव्हा असेच शेकड्यांनी वर आले होते."

साहेब बुटांकडे बघत राहिले.

"कोणी काढलंय हे?" पाहुण्यांनी विचारलं.

पेंटर उठला, सदरा नीट केला आणि वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं.